प्लास्टिक, रसायनं आणि तज्ज्ञांचा आढावा : खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मी रसायनशास्त्र शिकवतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांत, बचत गटांच्या बैठकांत, शेतकरी मेळाव्यांत प्लास्टिकवर बोलायला जातो आणि घरी पोहोचेपर्यंत फोनवर प्रश्न येऊन पडलेले असतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जोडलेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. “तज्ज्ञांचा स्वतंत्र आढावा” म्हणजे काय? साध्या अभ्यासापेक्षा तो वेगळा कसा?

एका प्रयोगशाळेने उंदरांवर एक रसायन तपासलं, तो झाला अभ्यास. आढाव्यात नवा प्रयोग नसतो. त्या विषयावरचे जगभरातले अभ्यास गोळा करायचे, कोणते धरायचे आणि कोणते सोडायचे याचे नियम आधीच लिहून जाहीर करायचे, प्रत्येक अभ्यासाचा कस तपासायचा आणि मग सगळे मिळून काय सांगतात ते मांडायचं, हे आढाव्याचं काम. रावेरच्या एका बागेत घड भरले म्हणून जिल्ह्यात केळी चांगली आली असं कोणी म्हणत नाही, दहा गावं फिरूनच बोलतात. तसंच हे. कर्करोगाबाबत असं काम फ्रान्समधल्या लिओं शहरातली आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची संस्था १९७१ पासून करते आहे. अन्नाबाबत युरोपात ते काम इटलीतल्या पार्मा इथली एफ्सा ही संस्था करते.

२. “स्वतंत्र” कोणापासून? पैसे तर कोणीतरी देतंच ना?

देतंच, आणि ते कोण देतं हे विचारायलाच हवं. बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, या रसायनाच्या कमी मात्रेवर प्राण्यांत झालेले ११५ अभ्यास २००५ मध्ये दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एकत्र मांडले. सरकारी पैशातून झालेल्या १०४ पैकी ९४ अभ्यासांत काही ना काही परिणाम दिसला होता. उद्योगाच्या पैशातून झालेल्या ११ पैकी एकातही दिसला नव्हता.

याचा अर्थ त्या अकरांनी खोटं लिहिलं असा मी काढत नाही. कुठल्या जातीचा उंदीर घ्यायचा, काय मोजायचं, कधी थांबायचं या निवडींनीही निकाल वळतो. म्हणूनच आढावा करणाऱ्यांनी आपले हितसंबंध लेखी जाहीर करायचे असतात आणि ज्याचा माल त्याने निकालाच्या खोलीत बसायचं नसतं. कारखान्याने आपली माहिती जरूर द्यावी, निवाडा देऊ नये.

३. प्लास्टिकमध्ये अशी रसायनं असतात तरी किती?

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला ‘प्लास्टकेम’ हा आढावा मार्च २०२४ मध्ये आला. २०२५ मध्ये त्याचे सुधारित आकडे छापून आले: प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी किंवा सापडणारी रसायनं १६,३२५, त्यांपैकी चिंतेची ४,२१९. मूळ प्लास्टिक म्हणजे लांबलचक साखळ्या. त्यांत मऊपणासाठी, रंगासाठी, उन्हात टिकण्यासाठी, आग लागू नये म्हणून काही ना काही मिसळतात. काही कारखान्यात अर्धवट राहिलेलं असतं, काही नकळत तयार होतं.

मला या आढाव्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. दहा हजारांहून जास्त रसायनांच्या धोक्याबद्दल माहितीच उपलब्ध नाही. ती निर्धोक ठरलेली नाहीत. त्यांच्याकडे अजून कोणी पाहिलेलं नाही. (हाच फरक पुढे प्र. १२ मध्ये उपयोगी पडेल.)

४. एखादं रसायन “कर्करोगकारक” यादीत आलं, म्हणजे ते वापरणाऱ्याला कर्करोग होणारच का?

नाही. विहिरीला कठडा नाही, हा धोका. त्या विहिरीपाशी लहान पोरं रोज खेळतात की ती पडीक शेतात एकटी आहे, यावरून अपघात किती संभवतो ते ठरतं. आयएआरसी कठडा आहे की नाही एवढंच पाहते. व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे ज्यापासून पीव्हीसी बनतं तो वायू, पहिल्या गटात आहे, कारण माणसांत पुरावा भक्कम आहे. थर्माकोलच्या मुळाशी असलेलं स्टायरीन २-ए गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’, पीव्हीसी मऊ करणारं डीईएचपी २-बी गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. गट पुराव्याचा जोर सांगतो, विषाची तीव्रता सांगत नाही. तुमच्या शेतातला पीव्हीसी पाइप म्हणजे व्हिनाइल क्लोराइड वायू नव्हे. तो वायू कारखान्यातल्या माणसाच्या श्वासात जातो (प्र. १०).

५. दोन सरकारी तज्ज्ञ मंडळं एकाच रसायनावर वेगवेगळं बोलतात. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा वैतागलेला असतो. वैताग समजू शकतो, म्हणून एकच उदाहरण नीट सांगतो.

बीपीए हे रसायन पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या लेपात असतं. एफ्साने २०१५ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती सुरक्षित मर्यादा ठरवली होती. पुढे २०१३ नंतरचे आठशेहून जास्त नवे अभ्यास तपासून एप्रिल २०२३ मध्ये तिने ही मर्यादा ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम, म्हणजे वीस हजार पट खाली. उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींच्या एका प्रकारात दिसलेला बदल हा त्या निर्णयाचा आधार होता.

जर्मनीच्या बीएफआर या सरकारी संस्थेला हे पटलं नाही. पेशींची संख्या बदलली हे खरं, पण त्याने माणसाला अपाय होतोच हे सिद्ध नाही, असं तिचं म्हणणं. तिने स्वतःचा आकडा दिला: २०० नॅनोग्रॅम. दोघांत हजार पटींचं अंतर.

आता यात कोण विकलं गेलं, असा प्रश्न लगेच येतो. माझं मत असं की इथे कोणी विकलं गेलेलं नाही. दोघांनी आपली आकडेमोड उघड केली, आणि कुठे एकमत नाही ते युरोपच्या कायद्यानुसार एकत्र बसून लेखी मांडलं. वाद पेशीतल्या बदलाला अपाय म्हणायचं की नाही, यावर आहे. आणि दोघांनी कुठे एकमत केलं तेही बघा: जर्मन आकडासुद्धा जुन्या मर्यादेच्या वीसपट खाली आहे. म्हणजे जुनी मर्यादा सैल होती, यावर दोघंही ठाम आहेत. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदीचा नियम मंजूर केला.

तज्ज्ञ भांडत असतील तर भांडणाचा कागद मागा. कागद मिळाला तर ते भांडण विश्वास ठेवण्यासारखं असतं.

६. बाटलीवर “बीपीए-फ्री” लिहिलंय. मग काळजी नाही ना?

बीपीए नाही एवढंच त्यावरून कळतं. त्याच्या जागी बऱ्याचदा बीपीएस किंवा बीपीएफ ही भावंडं येतात आणि त्यांचंही वागणं हार्मोनसारखं असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. बाळाच्या दुधासाठी स्टील किंवा काच घ्या, म्हणजे शिक्के वाचत बसावं लागत नाही.

७. गरम शेवभाजी पिशवीतून आणतो, चहा कागदी कपात पितो. त्याने खरंच काही होतं का?

गाडीवर उभं राहून एकदा नीट बघा. पातेल्यात तर्री खदखदते आहे. डाव भरून ती पातळ पारदर्शक पिशवीत ओतली जाते, तोंडाला पीळ, वर रबर. पिशवीचा तळ लगेच लिबलिबीत होतो. घरी येऊन भाजी ताटात रिकामी केली तरी पिशवीला आतून नारिंगी झाक राहते, साबणाने घासली तरी जात नाही. प्लास्टिकच्या डब्यात दोनदा भाजी नेली की तो पिवळा पडतो, तेही असंच. स्टीलचा डबा मात्र धुतला की कोरा.

मिरचीचा आणि हळदीचा रंग तेलात विरघळतो. प्लास्टिकलाही तेलाचं सख्य, म्हणून तो रंग आत शिरतो. ज्या वाटेने रंग आत गेला त्याच वाटेने प्लास्टिकमधली छोटी रसायनं बाहेर तेलात येतात. उष्णता वाढली की हा प्रवास भराभर होतो. गरम, तेलकट आणि आंबट हे तिन्ही एकत्र आले की सगळ्यात जास्त. आपली तर्री नेमकी तशीच असते.

भारतात २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मर्यादा आहे: एक किलो अन्नात प्लास्टिकमधून सगळं मिळून ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरू नये. पण ही चाचणी ठरावीक तापमानाला आणि ठरावीक वेळ करतात. थंड कोरड्या मालासाठी बनलेली पिशवी उकळत्या तर्रीसाठी तपासलेलीच नसते.

कागदी कपालाही आतून पातळ प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मोजलं तेव्हा ८५ ते ९० अंश तापमानाचं १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटं अशा कपात ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण आढळले. त्या कणांनी पिणाऱ्याचं काय होतं, हे त्या अभ्यासाने तपासलं नव्हतं. मी काचेचा ग्लास मागतो, आणि शेवभाजीला घरून कडीचा डबा नेतो. गाडीवाले भाऊ आता डबा बघूनच हात पुढे करतात.

वर्तमानपत्रात बांधलेली भजी हा याच घरातला प्रश्न. छपाईच्या शाईमुळे तेही त्याच नियमांनी बंद आहे.

८. “आपण दर आठवड्याला एक क्रेडिट कार्डभर प्लास्टिक खातो”, “मेंदूत प्लास्टिक सापडलं”. हे खरं की अफवा?

कार्डाचा आकडा २०१९ च्या एका अंदाजातून आला. मूळ अंदाज आठवड्याला ०.१ ते ५ ग्रॅम असा होता. बातम्यांनी वरचं टोक उचललं. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तो ग्रॅममधून थेट मायक्रोग्रॅममध्ये उतरला. हा आकडा आता कोणी सांगितला तर नम्रपणे थांबवा.

मेंदूच्या बाबतीत अडचण मोजण्याची आहे. मेंदूचा नमुना हवेशिवाय खूप तापवतात आणि त्यातून निघणाऱ्या वायूंवरून प्लास्टिक ओळखतात. मेंदूत चरबी भरपूर, आणि तापवताना चरबीतूनही पॉलिथिनसारखेच तुकडे निघतात. कण असतील, पण छापून आलेले आकडे मी अजून पक्के धरत नाही.

हृदयाचा अभ्यास मात्र मी गंभीरपणे घेतो. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला थर तपासला. पुढे पाठपुरावा झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिन होतं. सुमारे ३४ महिन्यांत त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण इतरांच्या साडेचार पट दिसलं. प्लास्टिकमुळेच हे झालं असं लेखकांनी म्हटलेलं नाही, दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या इतकंच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ आणि २०२२ च्या दोन्ही आढाव्यांत पुरावा अपुरा असल्याचं नोंदवून आणखी अभ्यास मागितला.

९. आमना गावमा पानीना जार येतस. ते पानी पेवानं का नही?

दादा, पाणी प्या. उन्हाळ्यात पाण्यातल्या जंतूंपासून होणारा त्रास आजचा आणि खात्रीचा आहे. जार कसा आहे तेवढं पाहा. निळसर पारदर्शक, कडक, तळाशी त्रिकोणात ७ आकडा असेल तर तो बहुधा पॉलिकार्बोनेट. जुना झाला, आतून ओरखडे पडले, कडक सोड्याने धुतला किंवा उन्हात राहिला की त्यातून बीपीए जास्त सुटतं. तसा जार बदलून मागा आणि पाणी आल्याबरोबर माठात किंवा स्टीलच्या टाकीत ओता.

विकतच्या बाटलीचं प्लास्टिक म्हणजे पीईटी. ते बनवताना अँटिमनी नावाचं मूलद्रव्य वापरतात. साध्या तापमानाला ते फार कमी सुटतं, ६० अंशांच्या पुढे झपाट्याने. मे महिन्यात भुसावळला सावलीतच ४५ अंश असतात. बंद गाडीच्या काचेखाली बाटली दिवसभर ठेवू नका.

१०. मी चटईच्या कारखान्यात काम करतो. भंगार वितळताना डोळे चुरचुरतात. आमच्याबद्दल तज्ज्ञ काही बोलतात का?

बोलतात, पण बातम्या तुमच्याबद्दल येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. प्लास्टिकचा धोका माणसांत पहिल्यांदा पक्का कळला तो कामगारांमुळेच. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांत यकृताचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग एकापाठोपाठ आढळला. त्यातून व्हिनाइल क्लोराइडवर जगभर बंधनं आली. प्लास्टिक आणि आरोग्य या विषयावरच्या मिंडेरू-मोनॅको आयोगाच्या २०२३ च्या आढाव्यात प्लास्टिक बनवणाऱ्यांना आणि ते पुन्हा गाळणाऱ्यांना कोणते आजार जास्त होतात याची वेगवेगळी नोंद आहे. गाळणाऱ्यांत हृदयविकार, धातूंची विषबाधा, मज्जातंतूंचे विकार आणि फुप्फुसाचा कर्करोग.

जळगावच्या एमआयडीसीतल्या चटया पॉलिप्रॉपिलीनच्या, आणि त्यात पुन्हा गाळलेला माल पुष्कळ असतो. भंगारात नेमकं काय काय आलंय हे कोणालाच माहीत नसतं, खरा धोका तिथे आहे. यंत्राच्या तोंडाशीच धूर ओढणारा पंखा हवा. छताचा पंखा तोच धूर तुमच्या तोंडावर फिरवतो. पीव्हीसीचे तुकडे वेगळे काढल्याशिवाय माल वितळवू नये. डोळे चुरचुरले ती तारीख आणि त्या दिवशीचा माल वहीत लिहा. डॉक्टरकडे जाताना ती वही सोबत न्या.

११. केळीच्या घडाच्या पिशव्या, मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या: शेतातलं प्लास्टिक केळीत उतरतं का?

मातीत उतरतं हे नक्की. जगभर शेतीत वर्षाला सुमारे १ कोटी २५ लाख टन प्लास्टिक वापरलं जातं, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे. ज्याने जुनी नळी गुंडाळली आहे त्याला वेगळं सांगायला नको: काही हंगामांनी ती हातात कडकन मोडते आणि तळव्याला काळी भुकटी लागते. ते काळं म्हणजे उन्हापासून वाचवायला घातलेला कार्बन, आणि सोबत प्लास्टिकचा चुरा. ठिबकने पाणी वाचवलं हे तितकंच खरं आहे, म्हणून ठिबक काढा असं मी कधीच म्हणणार नाही.

मल्चिंग जितकं पातळ तितकं ते गोळा करताना फाटतं. थोडं जाड घ्या, पीक निघाल्याबरोबर उचला, नांगराखाली जाऊ देऊ नका. आणि बांधावर जाळू नका. पीव्हीसी जळताना डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात, ती शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीच्या दुधापर्यंत पोहोचू शकतात. विहिरीवरचा पीव्हीसी पाइप घेताना शिसं नसलेला मागा. शिशावर केंद्र सरकारचे २०२१ पासून नियम आहेत.

१२. विक्रेत्याने अहवाल दाखवला: “अपायाचा पुरावा आढळला नाही.” मग सुरक्षितच ना?

त्याला एकच विचारा: शोधला कुठे होता? अपाय शोधूनही सापडला नाही, ही एक गोष्ट. कोणी शोधलाच नाही, ही दुसरी. दोन्हींना लोक “पुरावा नाही” असंच म्हणतात. प्र. ३ मधली दहा हजार रसायनं दुसऱ्या खान्यातली. उलट बाजूही सांगतो. “यात अमुक रसायन सापडलं” एवढ्यावरून मात्रा कळत नाही (प्र. ४).

१३. भारतात हे कोण तपासतं? आपल्याकडचे अभ्यास आहेत का?

अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकचे नियम एफएसएसएआय ही केंद्राची अन्नसुरक्षा संस्था करते, मानकं भारतीय मानक ब्युरो, आणि आपल्या जिल्ह्यात तपासणीला अन्न व औषध प्रशासन. अन्नातल्या सूक्ष्म प्लास्टिकवर एफएसएसएआयने २०२४ मध्ये लखनौची विषविज्ञान संस्था, कोचीची मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि बिट्स पिलानी यांच्यासोबत प्रकल्प सुरू केला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण परदेशातल्या मर्यादा तिथल्या हवेत आणि तिथल्या जेवणावर ठरल्या आहेत. आपल्याकडचा उन्हाळा, आपलं तेल आणि आपली तर्री त्यांच्या हिशेबात नाही.

१४. तज्ज्ञांचीच चूक निघाली तर?

निघते. ऑक्टोबर २०२४ मध्ये काळ्या प्लास्टिकच्या पळ्या-उलथन्यांवर एक अभ्यास आला. जुन्या टीव्ही-संगणकांच्या भंगारातली आग-रोधक रसायनं त्यांत सापडली होती. मर्यादा काढताना दर किलो वजनामागचे ७,००० नॅनोग्रॅम आणि माणसाचं ६० किलो वजन यांचा गुणाकार ४२,००० लिहिला गेला. आपल्या सातवीतल्या पोरीला विचारा, ती ४,२०,००० म्हणेल. घरातला संपर्क मर्यादेच्या जवळ आहे असं वाटत होतं, तो दहाव्या हिश्शाहून कमी निघाला. डिसेंबरमध्ये दुरुस्ती छापली गेली. भंगार स्वयंपाकघरात शिरतंय हा मूळ शोध मात्र कायम राहिला.

१५. नातू अपुऱ्या दिवसांचा, काचेच्या पेटीत आहे. सलाईनच्या नळ्याही प्लास्टिकच्या. नको म्हणू का?

आजी, नको म्हणू नका. मऊ पीव्हीसीच्या नळ्यांतून डीईएचपी सुटतं हे खरं आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलग्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच सावध केलं होतं. पण उपचार थांबला तर जाईल तो जीव. डॉक्टरांना शांतपणे एवढंच विचारा की डीईएचपी नसलेल्या नळ्या मिळतात का. मिळाल्या तर उत्तम, नाही मिळाल्या तरी उपचार चालू ठेवा. रक्ताच्या पिशवीत तर हेच रसायन तांबड्या पेशी जास्त दिवस टिकवायला मदतही करतं.

१६. जगाच्या पातळीवर काही ठरतंय का?

अर्धं. जून २०२५ मध्ये उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते इथे रसायनं, कचरा आणि प्रदूषण यांवर सरकारांना शास्त्रीय सल्ला देणारं कायमचं आंतरसरकारी मंडळ स्थापन झालं. हवामानासाठी जसं आहे तसं. प्लास्टिक कराराची बोलणी मात्र दक्षिण कोरियातल्या बुसाननंतर ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातही करार न होता संपली. प्लास्टिकमधल्या रसायनांवर बंधनं घालायची की नुसत्या कचऱ्यावर, हा अडलेल्या मुद्द्यांपैकी एक मोठा मुद्दा.

१७. मला इंग्रजी जमत नाही. अहवाल खरा की पोकळ, कसं ओळखू?

गावातल्या कॉलेजच्या पोराला हाताशी धरा आणि त्याला चारच गोष्टी शोधायला सांगा: पैसे कोणी दिले, लेखकांचे हितसंबंध कुठे लिहिलेत, अभ्यास निवडण्याचे नियम आधी जाहीर होते का, आणि कोणी असहमत असेल तर त्याचं म्हणणं छापलंय का. अर्ध्या तासाचं काम आहे. चौथी गोष्ट सापडली नाही तर मला फोन करा, आपण दोघं मिळून वाचू.